मंगळवारी आणि शुक्रवारी मरणारी पेटी

१

पेटी एकशे अकरा वेळा मेली होती, आणि दर वेळी चार मिनिटांनी आपली आपण जिवंत झाली होती.

डॉ. गुणाकर शेंडे तो कागद घेऊन सोमवारी दुपारी स्वतः आमच्या घरी आले. ते खंडाचे, म्हणजे तालुक्याचे, वैद्यकीय अधिकारी, माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र. बालाघाटात आमच्यासारखी चार मराठी घरं एकमेकांना धरून असतात, त्यातलं एक त्यांचं. मी अबोलीला वरणभात भरवत होते. अर्धा तिच्या तोंडात, अर्धा माझ्या कोपरापर्यंत.

"सूनबाई, एक सही हवी," ते म्हणाले आणि भाताच्या ताटलीशेजारी कागद ठेवला.

लामत्याच्या पुढे पिंडकेटोला नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या लसी एका फ्रिजमध्ये ठेवतात. त्या फ्रिजवर, भिंतीला, जेवणाच्या डब्याएवढी एक करडी पेटी लावलेली आहे. फ्रिज आत किती थंड आहे ते ती दर पाच मिनिटांनी टिपते आणि तासातासाने एसएमएसने जिल्ह्याला कळवते. तिच्या पोटात लिनक्स चालतं. मोठ्या संगणकावर चालतं तेच, फक्त बारीक केलेलं. हे मला माहीत असायचं कारण असं की पेटीतला प्रोग्राम मीच लिहिला होता. नागपूरच्या एका लहान कंपनीत दोन वर्षं मी तेवढंच काम केलं. फेब्रुवारीत नववा महिना लागला तेव्हा सोडलं. पेट्या जूनमध्ये बसल्या, तोवर अबोली तीन महिन्यांची झाली होती आणि मला वार आठवेनासे झाले होते.

ऑगस्टपासून ती पेटी मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत होती. तेवढा वेळ नोंद तुटत होती. आणि वरचा नियम असा की नोंद तुटली की लसीवर भरवसा नाही. गेल्या महिन्यात दोनशे डोस खड्डा खणून पुरले होते.

कंपनीचा तिकडचा माणूस वीरेंद्र जाऊन पाहून आला होता. त्याने लिहिलं होतं: पेटी ठीक आहे, तिथली कर्मचारी दुर्गाबाई प्लग काढते. ही दुर्गाबाई नऊ वर्षं त्या फ्रिजची राखण करत होती, दर वर्षी नव्या करारावर. येत्या शनिवारी तिचा करार संपत होता आणि या वेळी तो पुढे चालवायचा नाही, असं पत्र टाइप होऊन तयार होतं. पत्राला जोडायला फक्त तांत्रिक माणसाची सही हवी होती, की पेटीत दोष नाही.

"तू बनवलीस, तूच लिहून दे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. वरून रोज फोन येत असावेत.

खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. सही केली असती तर अबोलीबरोबर एक तास आडवं व्हायला मिळालं असतं. पण तिने वरणाच्या हाताने कागद ओढला, मी तो सोडवून घेतला आणि सोडवताना नजर वारांच्या रकान्यावर गेली. मंगळवार, मंगळवार, मंगळवार, शुक्रवार, शुक्रवार. एकशे अकरा ओळींत तिसरा वार नव्हता.

मी विचारलं, "काका, ही बाई प्लग काढते कशासाठी?"

"मोबाईल चार्ज करायला, असं वीरेंद्र म्हणतो."

"मोबाईल काय आठवड्यातून दोनच वार उतरतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मंगळवारी-शुक्रवारी लसीकरण असतं, फ्रिज उघडझाप होतो, बाई खोलीत असते, असं ते सावकाश म्हणाले. म्हणजे वारांनी दुर्गाबाईची बाजू घेतली नव्हती. उलट तिलाच घट्ट धरून ठेवलं होतं.

"उद्या मंगळवारच आहे," मी म्हटलं. "जीप द्या. मी बघून सही करते."

२

जीपमध्ये अबोली पूर्ण वाटभर झोपली आणि पिंडकेटोला आल्याबरोबर जागी झाली. मुलांना हे कसं कळतं कोण जाणे.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. छपरावर लांब बांबू, त्याच्या टोकाला पेटीची अँटेना. गावात मोबाईलला रेंज नाही. वीरेंद्रने जूनमध्ये तो बांबू उभा केला म्हणून निदान पेटीला तरी मिळते. सकाळी साडेनऊला पाच जणी पडवीत जमल्या होत्या. दर मंगळवारी-शुक्रवारी त्या खांद्याला लसीचे निळे थंड डबे अडकवून पाच गावांना पायी किंवा सायकलने जातात. त्यातल्या रूपाली नावाच्या तरण्या नर्सने डबा भरण्यासाठी उघडला, तेव्हा झाकणाच्या आत बॉलपेनने दहा आकडी नंबर लिहिलेला दिसला. कुणाचा तरी फोन असेल म्हणून मी पुढे गेले.

वीरेंद्र वारासिवनीहून मोटारसायकलवर आला होता. तो हिंदीतच बोलतो. मराठी कळतं, पण बोलायला लाजतो. आल्या आल्या त्याने मला बोर्डात अडकवलेला मोबाईलचा चार्जर दाखवला. मी तो हातात घेऊन विचारलं की दुर्गाबाईकडे मोबाईल आहे का. नव्हता. चार्जर औषधं देणाऱ्या भोजराजभाऊंचा निघाला, आणि त्यासाठी शेजारी दुसरं भोक रिकामंच होतं.

मग मी सगळ्यांसमोर पेटीचा प्लग काढला. पेटीत स्वतःची बॅटरी आहे, लाईट गेली तरी आठ तास चालावी अशी. दहा मिनिटं आम्ही उभे राहिलो. अबोलीने तेवढ्यात माझी एक बांगडी काढली. पेटी चालूच राहिली.

"तो बटन दबाती होगी," वीरेंद्र म्हणाला. पेटीच्या खाली सुईएवढ्या भोकात एक बटण असतं, ते दाबलं की ती नव्याने सुरू होते. प्लग सुटला तशी त्याने बटणावर उडी मारली. मला त्याचा राग आला नाही. त्याला अठरा पेट्या सांभाळायच्या होत्या, चार तालुक्यांत.

भोजराजभाऊ पन्नाशीचे, फार बोलत नाहीत. हजेरीच्या वहीत त्यांच्यावर डॉक्टरांचा लाल शेरा होता: एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार, सव्वा वाजल्यापासून गैरहजर, कारण दिले नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, सायकलवर गेलो होतो. कुठे, तर इकडेच. त्यांची सायकल पडवीला टेकलेली होती, चाकांत कडक हवा, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी ते जेवायला घरी जात नाहीत हे मला तिथल्या झाडूवाल्या बाईने सांगितलं.

आणि दुर्गाबाई. लुगडं, पायात रबरी चप्पल, पंचावन्नच्या आसपास. फ्रिजसमोर स्टुलावर बसली होती. मांडीवर पावडरच्या डब्याचं झाकण, त्यात पाच चिंचोके.

"प्लग काढता का तुम्ही?" मी विचारलं.

"मी काहून काढीन जी? फ्रीज तपला त लेकरायची सुई वाया नाही जाईन का?"

"आणि बटण?"

"मले का मालूम कुठी बटन हाय थे."

हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिची नजर पेटीवरच्या हिरव्या दिव्यावर होती. तो तीन-तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो, म्हणजे पेटीला रेंज आहे. त्यात बघण्यासारखं काही नाही. चिंचोके कशाला, असं विचारलं तर म्हणाली, टाइमपास आहे जी. मग अबोलीला दोन्ही हात पुढे केले. अबोली कुणाकडे जात नाही. तिच्याकडे गेली.

मी लॅपटॉप जोडला. पेटी नव्याने सुरू व्हायला तीनच कारणं असतात. वीज तुटली, कुणी बटण दाबलं, किंवा राखणदाराने उठवली. राखणदार म्हणजे पेटीतलंच एक घड्याळ. माझ्या प्रोग्रामने दर मिनिटाला त्याला 'मी जागा आहे' असं कळवायचं. कळवलं नाही, तर तो समजतो की प्रोग्राम कुठेतरी अडकून बसलाय, आणि सगळी पेटी बंद करून पुन्हा सुरू करतो. या तिन्हीपैकी काय झालं याची खूण पेटीच्या चिपमध्ये उमटते, पण ती टिपून ठेवायचं फेब्रुवारीत माझ्याकडून राहून गेलं होतं. आता टिपेल अशी ओळ घातली. म्हटलं, आज मरू दे. मेली की कळेल कोणी मारली.

तेवढ्यात अबोली भुकेने रडायला लागली. मी तिला घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. वीरेंद्र चहाला गेला होता, भोजराजभाऊ पडवीत गोळ्या मोजून देत होते. दहा मिनिटं, जास्त नाही.

परत आले तेव्हा हिरवा दिवा पूर्ण विझलेला होता. पेटी नव्याने सुरू होत होती. खोलीत दुर्गाबाई एकटी होती, आणि तिच्या हातात एक चिंचोका होता.

३

"देखा?" वीरेंद्र दारातून म्हणाला.

दुर्गाबाई म्हणाली, मी हातबी नाही लावला. एवढंच. स्टूल पेटीपासून दोन हात लांब होतं, पण दोन हात म्हणजे काय, उठून परत बसायला किती वेळ लागतो.

मी पेटी पूर्ण सुरू होण्याची वाट पाहिली. माझ्या मांडीवर अबोली झोपलेली, तिचं डोकं घामाने ओलं. मग खूण वाचली, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.

राखणदार.

वीज तुटली नव्हती. बटण दाबलं गेलं नव्हतं. पेटीला बाहेरून कोणी हात लावला नव्हता. ती आतून अडकली होती आणि राखणदाराने तिला उठवलं होतं. प्लग, चार्जर, बटण, सगळं एका शब्दात संपलं.

वीरेंद्रला हे पटलं, तो तसा सरळ मुलगा आहे. गावाबाहेरच्या टेकाडावर रेंज मिळते, तिथून मी डॉक्टरांना फोन केला; त्यांना पटलं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, हात लावला नसेल, पण ती खोलीत असतानाच पेटी का अडकते? प्रोग्रामला मंगळवार कळतो का? मला शुक्रवारी नऊ वाजता कारण सांग. कारण नसेल तर शनिवारचं पत्र जाईल, माझा नाइलाज आहे.

त्यांचा प्रश्न बरोबर होता. प्रोग्रामला मंगळवार कळत नव्हता.

निघताना मी दुर्गाबाईला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्हाला काही माहीत आहे का. सांगितलंत तर तुमच्याच भल्याचं आहे. तिने अबोलीच्या पायातला सुटलेला मोजा नीट केला.

"मले सरकारी गोष्टी नाही समजत बाई," ती म्हणाली. "लेकराले थंडी लागून राह्यली, तुम्ही निघा."

ती खोटं बोलत नव्हती. ती काहीतरी झाकत होती, आणि नऊ वर्षांची नोकरी जात असतानाही झाकत होती. ते काय असेल हे मला जीपमध्ये वाटभर कळलं नाही.

४

बुधवारी आणि गुरुवारी अबोली झोपली की मी प्रोग्राम वाचत होते. चाळीस मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर सातच. स्वतःच्याच जुन्या ओळी परक्या बाईने लिहिल्यासारख्या वाटत होत्या.

सासूबाई, आशालताबाई, दारातून म्हणाल्या, "अगं, झोपून घे. त्या डब्याला काय, मरू दे."

"डब्याचं नाही आई. एका बाईची नोकरी जाते आहे."

मग त्यांनी पोळ्यांचं पीठ स्वतःकडे ओढलं.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांच्या शिपायाने लसीकरणाच्या वहीच्या प्रती आणून दिल्या. कोण बाई कोणत्या तारखेला कोणत्या गावाला गेली, कधी पोचली. मी पेटीचा कागद शेजारी ठेवला आणि दोन्हीवर बोट ठेवून खाली उतरत गेले. बारा ऑगस्ट, तीन गावं, पेटी तीनदा मेली. पंधरा ऑगस्टला सुट्टी, एकदाही नाही. एकोणीस ऑगस्ट, चार गावं, चारदा. अठ्ठावीस ऑक्टोबर मंगळवार, पण दिवाळी, कोणीच गेलं नाही, पेटी धडधाकट.

वेळा बघितल्या. सगळ्यात जवळच्या गावाला बाई दहा-सव्वादहाला पोचते. पेटी दहा सतराला मेली. सगळ्यात लांबच्या गावाला साडेबारा; पेटी बारा चौतीसला मेली.

मान मोडून आली तरी मी पुढे जात राहिले. फक्त एक दिवस जुळत नव्हता. एकवीस नोव्हेंबर. पाच बायका गेल्या, पेटी चारदाच मेली. पाचवी रूपाली होती. आणि त्याच दिवशी सव्वा वाजता भोजराजभाऊ सायकल घेऊन कुठेतरी गेले होते.

म्हणजे पाच मैलांवरच्या गावात एक बाई पोचते आणि इथे भिंतीवरची पेटी मरते. मी कागद खाली ठेवले. याचा अर्थ मात्र लागत नव्हता.

पाच वाजले. सासूबाईंचा मोबाईल एकदा वाजून बंद झाला. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. पोळपाट सरकवला आणि चहाचं आधण ठेवलं.

"कोणाचा होता?" मी विचारलं.

"संकेतचा, आणखी कोणाचा? ऑफिसातून निघाला. रोज नाही का देत मिस कॉल तुझा नवरा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी, की त्यांनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

पेटीत सिम असतं. सिमला नंबर असतो. आम्ही पेट्या अनुक्रमांकाने ओळखायचो, त्यामुळे सिमच्या नंबरची मला कधी गरजच पडली नव्हती. मी कपाटातून माझी जुनी चाचणीची पेटी काढली, कंपनीने ती परत नेलीच नव्हती. सासूबाईंच्या फोनमधलं सिम काढून तिच्यात घातलं.

"माझं सिम त्या डब्यात कशाला?"

"पाच मिनिटं, आई."

पेटी ओट्यावर ठेवली, साखरेच्या बरणीशेजारी. हिरवा दिवा सावकाश लुकलुकायला लागला. मी माझ्या फोनवरून सासूबाईंचा नंबर लावला, एकदा वाजू दिला आणि तोडला. दिवा भराभर फडफडला, मग शांत झाला. बाकी काही झालं नाही. सासूबाई गाळणं हातात धरून उभ्या होत्या. मी मनात मोजत होते. पन्नास. पंचावन्न.

साठला पेटी मेली.

चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. कोणी मारली ते आता मला ठाऊक होतं. माझ्या प्रोग्राममधली ती ओळ मला तोंडपाठ होती.

५

शुक्रवारी नऊ वाजता पिंडकेटोल्याच्या त्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. डॉक्टर गुणाकर, त्यांच्या फाइलीत ते पत्र. वीरेंद्र. भोजराजभाऊ दाराशी. दुर्गाबाई स्टुलावर बसायला तयार नव्हती, भिंतीला टेकली होती. पडवीत पाच जणी निळे डबे घेऊन निघायच्या बेतात. अबोली माझ्या कडेवर.

मी रूपालीला आत बोलावलं, तिच्या डब्याचं झाकण उघडून आतला नंबर सगळ्यांना दाखवला. मग विचारलं, की हा कुणाचा? रूपालीने दुर्गाबाईकडे बघितलं. दुर्गाबाईने मान खाली घातली.

"हा या पेटीचा आहे," मी म्हटलं. "काल कंपनीला फोन करून नंबर लिहून घेतला."

मी रूपालीला सांगितलं की गावाबाहेरच्या टेकाडावर, जिथे रेंज मिळते तिथे, जा आणि दर वेळी करतेस तेच कर, मग अर्ध्या तासाने आणखी दोनदा. ती गेली. बारा मिनिटांनी हिरवा दिवा फडफडला. मी डॉक्टरांना घड्याळ बघायला सांगितलं. खोलीत कोणी हललं नाही. एका मिनिटाने, भिंतीवर, कोणाचाही हात न लागता, पेटी विझली.

डॉक्टरांनी घड्याळावरून नजर काढली. मग दुर्गाबाईला त्यांनी विचारलं, की हे काय आहे.

ती सांगेना. भोजराजभाऊंनी दाराशी घसा खाकरला आणि सांगितलं. आठ ऑगस्टला, शुक्रवारी, यांच्यातली चंपाबाई लसीचा डबा घेऊन निघाली आणि नाल्याच्या पुरात पलीकडच्या काठावर अडकली. संध्याकाळपर्यंत इथे कुणाला पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटलं, पोचली असेल. दवाखान्यात फोन नाही, गावात रेंज नाही. रेंज एकट्या पेटीला. भोजराजभाऊंनीच पेटीवरचा नंबर वाचून डब्यांच्या झाकणांत लिहिला. गावात पोचलं की एक मिस कॉल. दिवा फडफडला की दुर्गाबाई मांडीवरच्या झाकणातून एक चिंचोका काढून घेणार. एक वाजेपर्यंत झाकणात चिंचोका उरला, तर भोजराजभाऊ सायकल घेऊन शोधायला निघणार.

"एकवीस तारखेला रूपालीचा फोन बंद पडला असणार," मी म्हटलं. "म्हणून पेटी चारदा मेली, आणि म्हणून भाऊ गैरहजर होते."

भोजराजभाऊ नुसते हौ म्हणाले.

"मग मला सांगितलं का नाही?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. थकलेला होता.

आता दुर्गाबाई बोलली. "यानं सांगतलं होतं," ती वीरेंद्रकडे हात करून म्हणाली. "सरकारी सिम हाय, कोणी वापरलं त जेलात जाईन. मी एकटी गेली असती त गेली असती साहेब. पण या पोरीयचं काय? नंबर त यायच्या डब्यात हाय. आन् बंद केला असता, त नाल्यात कोण पाह्यलं असतं यायले?"

वीरेंद्र जमिनीकडे बघत होता. मिस कॉलने पेटी मरते हे तिला माहीत होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. नव्हतं. दिवा फडफडला की तिची नजर चिंचोक्याकडे जायची. मिनिटभराने पेटी विझायची, तोवर पाठ वळलेली असायची.

"नियम मोडला, ते खरं," डॉक्टर म्हणाले. "पण वाजणाऱ्या फोनने पेटी मरावी का, देवश्री?"

"नाही मरायला पाहिजे. ती माझी चूक आहे."

मी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. पेटीतला प्रोग्राम मोडेमला, म्हणजे सिम चालवणाऱ्या भागाला, प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. बाहेरून फोन आला की मोडेम न विचारता बोलतं, फोन वाजतोय म्हणून. प्रोग्रामला वाटतं हेच उत्तर; पण ते हव्या त्या उत्तरासारखं नसतं, म्हणून तो पुढे वाट बघत बसतो, कायमचा. किती वेळ बघायची याला मर्यादा घालायची असते. मी घातली नव्हती. कामाचा शेवटचा दिवस होता, पाय सुजले होते, बसवत नव्हतं, आणि मी त्या ओळीशेजारी टीप लिहिली होती: या नंबरवर कोणी फोन करणार नाही.

"कारण मला वाटलं, भिंतीवरच्या डब्याला कोण फोन करेल," मी म्हटलं.

मी घरून दुरुस्ती करून आणली होती. लॅपटॉप जोडून नवा प्रोग्राम चढवला. टेकाडावरून रूपालीने पुन्हा दोनदा फोन केला. दिवा दोनदा फडफडला आणि पेटी चालत राहिली. एक मिनिट, तीन, दहा. वीरेंद्र हळूच माझ्या बाजूला आला.

"मैडम, तकनीकी खराबी लिख दो ना," तो म्हणाला. "नाम क्यों डालती हो अपना? कंपनी फिर बुलाएगी नहीं."

त्याचं खरं असेल. जानेवारीत परत घेऊ, असं ते म्हणाले होते. पण नुसती खराबी लिहिली, तर उद्या कुणीही विचारलं असतं की खराबी कोणी केली, आणि त्या खोलीत सगळ्यात सोपं नाव पुन्हा दुर्गाबाईचंच होतं. मी लिहिलं: दोष प्रोग्राममध्ये होता, प्रोग्राम मी लिहिला. खाली पूर्ण नाव आणि तारीख, बारा डिसेंबर दोन हजार आठ.

डॉक्टरांनी वाचलं. पण फाइल उघडली नाही.

"हे मी वर पाठवीन," ते म्हणाले. "ते मला विचारतील, चार महिने नोंदीत भोकं आहेत, त्या काळात फ्रिज थंड होता कशावरून? या बाईच्या शब्दावर? तिला ठेवायचं तर मला याचं उत्तर पाहिजे."

मी त्यांना कागद दाखवला. प्रत्येक भोक चार मिनिटांचं. एक मिनिट अडकण्याचं, तीन सुरू होण्याचे. अलीकडे चार अंश, पलीकडे चार अंश. कुठे पाच. हा फ्रिज आत बर्फाने मढवलेला आहे, झाकण बंद असेल तर चार तासांतही तापत नाही, चार मिनिटांचं काय. आणि दुर्गाबाईची स्वतःची वही होती, सकाळ-संध्याकाळ हाताने लिहिलेले आकडे, नऊ वर्षांचे. जूनपासूनचा एकही आकडा पेटीच्या आकड्यांशी चुकत नव्हता.

"कागदावर बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे सरळ बघितलं. "तू या फ्रिजमधली लस स्वतःच्या मुलीला देशील?"

त्यांनी ते टोचायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

अबोलीला आठ तारखेला नऊ महिने पूर्ण झाले होते. गोवराची सुई व्हायचीच होती. बालाघाटात, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे, सोमवारी द्यायची असं सासूबाईंनी ठरवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "दुर्गाबाई, गोवराची एक काढा."

तिने हात धुतले. पुसले. फ्रिजचं झाकण उघडलं, बाटली काढली, तारीख माझ्यासमोर धरली, मग डॉक्टरांसमोर. रूपाली टेकाडावरून परत आली होती. तिने लस पाण्यात विरघळवली, सिरिंज भरली. मी अबोलीचा उजवा हात बाहीतून काढायला गेले, पण बाही सुटेना. दुर्गाबाईने तिला माझ्याकडून घेतलं, मांडीवर घट्ट धरलं, दंड मोकळा केला.

सुई गेली तेव्हा अबोली आधी नुसती बघत राहिली. मग एवढ्या मोठ्याने रडली की पडवीतल्या बायका आत डोकावल्या.

"झालं माय, झालं," दुर्गाबाई म्हणत होती. "काही नाही झालं. झालं."

डॉक्टरांनी फाइल उघडली. ते पत्र काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि त्यावर आडवं 'रद्द' लिहून सही केली. मग दुसरा कागद मागितला. कोरा कागद कुणाकडेच नव्हता. भोजराजभाऊंनी औषधांच्या वहीतलं एक पान फाडून दिलं आणि डॉक्टर उभ्याउभ्याच त्यावर दुर्गाबाईचा पुढच्या वर्षीचा करार लिहायला लागले. तिचं पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला ते विचारलं, आणि अबोलीला थोपटत तिने सांगितलं, हळू, एकेक अक्षर करून, ते लिहून घेतायत तसं.